पार्श्वभूमी : एफईच्या प्रोजेक्टला मेंटॉर कोण?

१९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नाशिकमध्ये असं कॉलेज सुरू झालं. त्यानंतरची तीन दशकं एफईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, मुलांचं हाताचं काम म्हणजे वर्कशॉप : सुतारकामाचा जोड, फिटिंगचा जॉब, पत्र्याचं काम. सगळ्यांना जॉब, म्हणजे करून द्यायची वस्तू, एकच, मापं ठरलेली. प्रोजेक्ट आणि गाइड या बीईच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, गोष्टी.

या चौकटीला नाशिकमध्ये पहिला धक्का बसला तो कॉलेजबाहेरून. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला होता. २०१५ च्या मेळ्याआधी एका परदेशी विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने शहरात शिबिरं भरू लागली. गर्दी, तात्पुरता निवारा, आरोग्य असे विषय असायचे आणि तुझी शाखा कोणती, हे कोणी विचारत नव्हतं. पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी चटई त्याच काळात पुढे आली. तिच्यामागे शाळकरी वयाची मुलंही होती. कॉलेजांनी यातून नेमकं काय घेतलं, हा वेगळाच विषय. पण शाखेचं पुरतं ज्ञान नसतानाही मुलं खऱ्या अडचणीला हात घालू शकतात, हे शहराने पाहिलं होतं.

अभ्यासक्रमात ही गोष्ट आली पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात. एफईच्या दुसऱ्या सत्रात प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग (प्रोजेक्ट करत शिकणं), पाच-सहा जणांचा गट आणि गटामागे एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक. पहिलीच तुकडी जानेवारी २०२० मध्ये कामाला लागली आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली. अर्धवट मॉडेल लॅबमध्ये, मुलं घरी. प्रोजेक्टचा पीपीटी, म्हणजे नुसत्या स्लाइड, झाला तो तेव्हा, आणि सवय पुढेही टिकली.

खरा वाद मात्र वेगळा आहे : मेंटॉर कोणी व्हायचं? पहिलं वर्ष चालवतो बेसिक सायन्स विभाग. त्यामुळे वर्कलोडच्या, म्हणजे शिक्षकांच्या ठरलेल्या तासांच्या, हिशेबात हे तास बहुतेक ठिकाणी गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीच्या शिक्षकांकडे गेले. शाखांच्या विभागांचं म्हणणं, सर्किट न जोडलेल्या माणसाने आर्डुइनोच्या (सेन्सर जोडून प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डच्या) प्रोजेक्टला काय मार्गदर्शन करायचं? सायन्सवाल्यांचं उत्तर, पहिल्या वर्षाला सर्किटपेक्षा प्रश्न नीट मांडायला शिकवायचं असतं, आणि ते आम्हाला जमतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण निर्णय झाला तो टाइमटेबलवर, हेही तितकंच खरं.

एक नेहमीचा प्रोजेक्ट घ्या : कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, तापमान-आर्द्रता मोजून मोबाइलवर इशारा देणारं यंत्र. निफाड-लासलगावकडची मुलं असली की हा विषय हमखास येतो. सनबोर्डची चाळ, ग्लू गनने चिकटवलेला सेन्सर, तोही छपराखाली, कारण वायर तिथे पोचते. चाळीत हवा खालून खेळते आणि कांदा सडू लागतो तो ढिगाच्या आत. ‘सेन्सर वर कशाला लावला रे?’ हे विचारायला कोडिंग येण्याची गरज नाही, चाळ पाहिलेली असावी लागते. असे प्रश्न बरेचदा वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर विचारतात. त्यातले कित्येक आयटीआय करून, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेदवारी करून आलेले. पण मेंटॉरच्या यादीत ते नसतात.

‘आंतरशाखीय’ या शब्दाचीही इथे परवड झाली. बऱ्याच कॉलेजांत एफईच्या तुकड्या शाखेनुसार पडतात, बॅच हजेरी क्रमांकाने होते आणि गट बॅचमधूनच. म्हणजे सहाही मुलं कॉम्प्युटरची. त्यात अलीकडे एआय, डेटा सायन्सच्या जागा वाढल्या. मग फ्रेम बनवायला कोणी तयार नसतं, ॲप करायला सहाही जण.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या फाइलींत गटकामाचे पुरावे लागतात. पूर्ण वेळापत्रक फिरवून मिश्र गट करण्यापेक्षा गटाचा फोटो जोडणं सोपं पडतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४ चा पॅटर्न आला आणि डिझाइन थिंकिंग व आयडिया लॅब हा विषय एफईत दाखल झाला. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर अशी यंत्रं मुलांच्या हाती द्यायची ही कल्पना. ती चालवायला शिकवणार इन्स्ट्रक्टरच. त्यांना सहमेंटॉर म्हणून नेमावं आणि तसं वर्कलोडमध्येही दाखवावं, ही मागणी स्टाफ मीटिंगमध्ये निघते. तास कोणाच्या नावावर टाकायचे, इथे येऊन ती अडते.