नावाचा टेरियर, कामाचा नाही

तिबेटन टेरियर जातीचा कुत्रा म्हटलं की लोक सांगतात: बिळं उकरणार, घुशींमागे पळणार, घरात नको. सगळा घोळ नावाचा. बिळात शिरून शिकार करणाऱ्या टेरियर जातींशी याचं नातं नाही. अंगलट तशी वाटली म्हणून युरोपियनांनी ते नाव चिकटवलं. एफसीआय ही कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय संघटना त्याला टेरियरच्या ३ऱ्या नव्हे, सोबती कुत्र्यांच्या ९व्या गटात धरते. तिबेटात तो मठांत आणि पशुपालकांबरोबर राहायचा. पंजा उचलून पाहा: रुंद, सपाट, बोटांमध्ये केसांचे झुबके, बर्फात न रुतणारा. घरच्यांना लळा लावतो, परक्यांशी जरा राखून. खरी कटकट केसांची. विंचरायचा कंटाळा केलात की काखेत गुंता होतो, मग कात्रीच.