‘इस्ट्रोजेन रोखणारा रेणू कोणत्याही कर्करोगावर चालतो’ : खुलासा

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा रिसेप्टर (ईआर) बंद करणारा रेणू प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी थांबवतो, म्हणजे तो कुठल्याही कर्करोगावर चालेल.

दाव्याचा पहिला भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा सहज पटतो. इस्ट्रोजेन पेशीत जिथे जाऊन बसतं, तीच जागा, म्हणजे रिसेप्टर, हे रेणू अडवतात आणि वाढीचा संदेश थांबतो. पण ती जागा पेशीत असायला हवी ना! एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये ती असते, त्यांची वाढ मंदावते. एमडीए-एमबी-२३१ याही स्तनकर्करोगाच्याच पेशी, पण त्या ईआर-निगेटिव्ह, म्हणजे ही जागा नसलेल्या. तिथे अडवायला काही नसतंच.

शिवाय शरीर म्हणजे एकच प्रकारच्या पेशी नव्हेत. टॅमॉक्सिफेन हे असंच एक औषध स्तनात इस्ट्रोजेनला रोखतं, गर्भाशयाच्या अस्तरात मात्र इस्ट्रोजेनसारखंच वागतं.

पडताळायचं असेल तर स्तनकर्करोगाच्या बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर’ची नोंद बघा. किमान १ टक्का कर्कपेशींची केंद्रकं ईआरच्या तपासणीत रंगलेली असली तर पॉझिटिव्ह धरतात. उपचार त्यावरून डॉक्टर ठरवतात. आणि अशा रेणूच्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असेल, तर ते रुग्णाला कृपया देऊ नका.