गिरिपुष्प टेकड्यांवर आले कसे

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. तिथे कोकोला सावली आणि शेताला जिवंत कुंपण म्हणून ते लावत. स्पॅनिशांबरोबर ते फिलिपिन्सला गेले, पुढे श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत सावलीला आले. सगळीकडे ते सतत छाटले जाई.

आपल्या शेतकऱ्यानेही ते तसेच वापरले. पावसाच्या तोंडावर फांदीचे खुंट बांधावर रोवायचे आणि भातलावणीआधीच्या चिखलणीला कोवळा पाला खाचरात गाडायचा. वाळलेल्या पाल्यात सुमारे 3 टक्के नत्र असते आणि पाला लवकर कुजतो. बिया आणि साल उंदरांना मारक, म्हणून ही उंदीरमारी.

वाद आहे तो टेकड्यांवरच्या लागवडीचा: हे परदेशी झाड तिथून काढावे का, याचा. 1972च्या दुष्काळानंतर, विशेषतः 1980च्या दशकात, सामाजिक वनीकरणाने जोर धरला तेव्हा मुरमात तग धरणारे आणि शेळ्यांनी सहसा तोंड न लावलेले झाड हवे होते. ताज्या पाल्याच्या उग्र वासामुळे गिरिपुष्प त्यात चपखल बसले. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी आज त्याचे मोठे पट्टे आहेत. पण ‘बोडकी’ ठरवलेली जमीन बोडकी नव्हतीच. तिथे गवत होते, सालई, मोई, मेढशिंगी ही देशी झाडे होती, गवताच्या बुंध्याशी घरटे करणारे चंडोल होते. हे हिरवाईच्या हिशेबात धरलेच गेले नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे लावल्यावर कोणी छाटले नाही. नेमाने तोडलेले गिरिपुष्प फारसे फुलत नाही. मोकळे सोडलेले मात्र माघ-फाल्गुनात पाने गाळून फिकट गुलाबी तुऱ्यांनी भरते, मग शेंगा तडकून बिया दूरवर उडतात. ज्या बहराचे आपण फोटो काढतो, तो या हेळसांडीचाच आहे. खालचे गवत सावलीने विरळ होत जाते. या झाडावर पक्षी फिरकतच नाहीत, असे सरसकट सांगितले जाते ते मात्र खोटे. फुलांवर मधमाश्या येतात, शिंजीर पक्षीही येतात.

आता ते काढून देशी झाडे लावावीत, ही मागणी रास्त आहे. पण एकदा तोडून ते मरत नाही, खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून टप्प्याटप्प्याने, सलग काही वर्षे छाटावे लागेल, आणि निघालेला पाला तिथेच नव्या रोपांच्या आळ्यात टाकावा.