मॅल्डी-टॉफ वस्तुमान वर्णपटमिती : वैद्यकीय प्रयोगशाळेतील जिवाणू-निदान

रुग्णाच्या रक्तातून, लघवीतून, पुवातून किंवा मेरुद्रवातून वाढवलेल्या जिवाणूच्या प्रथिनांची वस्तुमाने मोजून, त्यांच्या ठेवणीवरून त्या जिवाणूची प्रजाती ठरवण्याच्या पद्धतीला वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात मॅल्डी-टॉफ या संक्षिप्त नावाने ओळखतात. नावातील ‘मॅल्डी’ हा भाग नमुन्यातील रेणू लेसरच्या साहाय्याने विद्युतभारित करून मोकळे करण्याच्या क्रियेचा आहे, तर ‘टॉफ’ हा भाग त्या रेणूंना ठरावीक अंतर कापण्यास लागणारा वेळ मोजण्याचा आहे. किण्वनशीलांच्या म्हणजे यीस्टच्या ओळखीसाठीही हीच पद्धत वापरतात.

ही पद्धत येण्यापूर्वी कल्चर प्लेटवर, म्हणजे पोषक माध्यमाच्या तबकडीवर, वाढलेल्या वसाहतीचे (जिवाणूंच्या पुंजक्याचे) नाव ठरवण्यासाठी ग्राम रंजन, कॅटॅलेज, ऑक्सिडेज, कोॲग्युलेज आणि इंडोल यांसारख्या परीक्षा लावाव्या लागत, शर्करांच्या नळ्यांचा रंग बदलतो का हे पाहावे लागत असे, आणि त्यासाठी बहुधा आणखी एक रात्र थांबावे लागे. पुढे या परीक्षा स्वयंचलित यंत्रांत बसल्या, तरी मूळ तत्त्व तेच राहिले : जिवाणू काय खातो आणि काय सोडतो यावरून तो कोण हे ताडायचे. मॅल्डी-टॉफमध्ये मात्र जिवाणूच्या वागणुकीकडे न पाहता त्याच्या घडणीकडे पाहिले जाते, आणि म्हणूनच पेशी वाढण्याची आणखी वाट पाहावी लागत नाही.

जिवाणू ओळखण्यासाठी वस्तुमान वर्णपट, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानांचा आलेख, वापरण्याची कल्पना १९७५ मध्ये अमेरिकेतील अॅनहाल्ट आणि फेन्सेलाऊ यांनी मांडली होती. परंतु प्रथिनांसारखे मोठे आणि नाजूक रेणू न मोडता वायुरूपात आणण्याचा उपाय तेव्हा हाती नव्हता. तो १९८०च्या दशकात सापडला. जर्मनीत फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी लेसरची ऊर्जा शोषून घेणारे लहान सेंद्रिय रेणू नमुन्यात मिसळण्याची युक्ती विकसित केली. जपानमधील शिमाद्झू कंपनीतील कोइची तानाका यांनी ग्लिसरीन आणि कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी वापरून प्रथिनांचे आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, मिळवून दाखवले आणि २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. १९९६ मध्ये अखंड जिवाणूपेशींचे असे वर्णपट प्रथम प्रसिद्ध झाले. रुग्णालयातील रोजच्या वापरासाठी मात्र ओळखीच्या जिवाणूंच्या वर्णपटांचे भरवशाचे संदर्भसंग्रह तयार व्हावे लागले आणि त्यात आणखी एक दशक गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कामासाठीच्या पहिल्या यंत्रणेस २०१३ मध्ये मान्यता दिली.

प्रत्यक्ष काम दिसायला साधे आहे. रात्रभर वाढलेल्या प्लेटवरची एक सुटी वसाहत लाकडी टूथपिकच्या टोकावर घेऊन ती पोलादी पट्टिकेवरील एका ठिपक्यावर पातळ पसरतात. एका पट्टिकेवर बहुधा ९६ ठिपके असतात. त्या थरावर लेसरची ऊर्जा शोषणारा एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स द्रव सोडतात. हा द्रव म्हणजे अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्लाचे ॲसिटोनायट्राइलमधील द्रावण होय. स्टॅफिलोकॉकससारख्या जाड पेशीभित्तीच्या जिवाणूंवर त्याआधी ७० टक्के फॉर्मिक आम्लाचा एक थेंब सोडून तो वाळू देतात, म्हणजे पेशी फुटून आतली प्रथिने बाहेर येतात. मॅट्रिक्स वाळला की ठिपक्यावर फिकट पिवळसर स्फटिक दिसतात. ही दोन-तीन मिनिटांची कृती हाताच्या सवयीवर अवलंबून असते. थर जाड झाला तर वर्णपट बिघडतो आणि फारच विरळ झाला तर वर्णपटात प्रथिनांची शिखरे उमटत नाहीत. ओळखपत्रकावर एका ठिपक्याची जागा चुकली, तर यंत्र अचूक नाव देईल, पण ते दुसऱ्याच रुग्णाच्या नावावर जाईल. प्लेटवर दोन जिवाणूंची मिसळ असेल, तर सर्वांत महागडे यंत्रही ती सुटी करू शकत नाही. म्हणून शुद्ध वसाहत उचलणाऱ्या तंत्रज्ञाचे डोळे आणि हात हा या तपासणीचा पहिला आणि कळीचा टप्पा मानावा लागतो.

पट्टिका निर्वात कक्षात गेल्यावर स्फटिकांवर लेसरचे स्पंद पडतात. जुन्या यंत्रांत हा ३३७ नॅनोमीटर तरंगलांबीचा नायट्रोजन लेसर असे. मॅट्रिक्स ऊर्जा शोषून उडतो आणि प्रथिनांना बहुधा एकच धनभार देऊन आपल्याबरोबर वर नेतो. सुमारे २० हजार व्होल्टच्या विद्युतदाबाने या आयनांना सारखाच रेटा मिळतो आणि ते एका रिकाम्या नळीतून पलीकडच्या शोधकाकडे धावतात. हलके आयन आधी पोचतात, जड आयन मागे राहतात. समान भाराच्या दोन आयनांपैकी एक दुसऱ्याच्या चौपट जड असेल, तर त्याला दुप्पट वेळ लागतो. या वेळांवरून २,००० ते २०,००० डाल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) या पट्ट्यातील शिखरांचा आलेख मिळतो.

या पट्ट्यात मुख्यतः रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांची, प्रथिने दिसतात, आणि पद्धतीचे सारे बळ त्यांच्यात आहे. रायबोसोम पेशीत प्रचंड संख्येने असतात, पेशी कोणत्या माध्यमावर वाढली याने त्यांची प्रथिने फारशी बदलत नाहीत, आणि प्रजातीगणिक त्यांच्या वस्तुमानांत लहान पण कायमचे फरक असतात. यंत्र त्या शिखरांपैकी प्रत्येक प्रथिनाचे नाव शोधत नाही. ते शिखरांची सबंध ठेवण, म्हणजे ठसा, संग्रहातील ठशांशी ताडून पाहते आणि साम्याला गुण देते. प्रचलित यंत्रांपैकी एका प्रणालीत २.० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे प्रजातीपर्यंत ओळख, १.७ ते १.९९ म्हणजे फक्त वंशापर्यंत, आणि त्याखाली भरवसा नाही, असा मूळ संकेत आहे.

फ्रान्समधील मार्से येथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नेहमीच्या कामातील १,६६० जिवाणूंवर ही पद्धत तपासली, तेव्हा ९५.४ टक्के जिवाणूंची ओळख बरोबर आली, त्यांपैकी बहुतेकांची प्रजातीपर्यंत. एका जिवाणूस सरासरी सहा मिनिटे लागली आणि खर्च जुन्या पद्धतीच्या सुमारे तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आला. यंत्राची मूळ किंमत मात्र मोठी असते, त्यामुळे रोज मोजकेच नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेत हा हिशेब तसाच बसत नाही. ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत या पद्धतीने झालेला बदल सर्वांत ठळक ठरला, कारण त्यांची जुन्या पद्धतीने ओळख पटवणे वेळखाऊ होते आणि ते पुष्कळदा अर्धवटच सोडून दिले जाई.

पद्धतीच्या मर्यादा तिच्या तत्त्वातूनच येतात. एश्चेरिशिया कोलाय आणि शिगेला यांची घडण इतकी जवळची आहे की नेहमीच्या वर्णपटावरून ते वेगळे काढता येत नाहीत. आमांशाच्या रुग्णात शिगेलाची शंका असल्यास जैवरासायनिक परीक्षा आणि जिवाणू प्रतिपिंडांशी जुळवून पाहण्याची रक्तद्रव परीक्षा करावीच लागते. न्यूमोनिया घडवणारा स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी आणि तोंडात निरुपद्रवीपणे राहणारा स्ट्रेप्टोकॉकस मायटिस यांच्यातही गल्लत होऊ शकते, आणि तेथे ऑप्टोचिन व पित्तविद्राव्यता या जुन्या परीक्षा आजही उपयोगी पडतात.

दुसरी मर्यादा संग्रहाची आहे आणि भारतासारख्या देशात ती अधिक महत्त्वाची आहे. संग्रहात जो ठसा नाही त्याचे नाव यंत्र देऊ शकत नाही. उलट जवळच्या नातलगाचे नाव ते देऊन मोकळे होते. पश्चिम किनारपट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात, आढळणाऱ्या मेलिऑयडोसिस या जीवघेण्या रोगाचा जिवाणू बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जुन्या संग्रहांत नसल्याने, माणसाला क्वचितच आजारी पाडणाऱ्या बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिसच्या नावाने निघत असे. या रोगाचा धोका अधिक असलेल्या मधुमेही रुग्णाच्या रक्तात असे नाव आल्यास ते जसेच्या तसे रिपोर्टमध्ये लिहिणे धोक्याचे आहे. याच्या उलट उदाहरण कॅन्डिडा ऑरिस या यीस्टचे आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णिलेले हे यीस्ट स्वयंचलित जैवरासायनिक यंत्रांत कॅन्डिडा हेम्युलोनाय म्हणून नोंदले जाई. संग्रहात त्याचे ठसे आल्यावर मॅल्डी-टॉफने ते नेमके ओळखता येऊ लागले, आणि औषधांना दाद न देणारे हे यीस्ट अतिदक्षता विभागात पसरण्याआधी लक्षात येणे शक्य झाले.

जंतुरक्तताग्रस्त, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या, रुग्णात एकेक तास मोलाचा असतो. रक्ताच्या कल्चरची बाटली वाढ दाखवू लागली की तांबड्या पेशी विरघळवून जिवाणू थेट वेगळे करतात, किंवा प्लेटवर चार ते सहा तासच वाढू देऊन त्या पुसट थरातून तपासणी करतात. अमेरिकेतील मिशिगन येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवाणूची ओळख लवकर देण्याला प्रतिजैविक-सल्लागार चमूची जोड दिली, तेव्हा योग्यतम औषध सुरू होण्याचा सरासरी काळ ९०.३ तासांवरून ४७.३ तासांवर आला. यातला सल्लागार चमूचा भाग विसरता कामा नये. प्रयोगशाळेत दुपारी तयार झालेले नाव दुसऱ्या दिवशीच्या फेरीपर्यंत कागदावर पडून राहिले, तर रुग्णाच्या दृष्टीने यंत्राचा वेग शून्य ठरतो.

नाव कळले तरी कोणते औषध लागू पडेल हे त्यातून सरळ कळत नाही, म्हणून सेन्सिटिव्हिटीची परीक्षा स्वतंत्रपणे लावावीच लागते. काही खास प्रसंगी मात्र वर्णपट प्रतिरोधाचीही खूण देतो. मेथिसिलीन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या काही वाणांत २,४१५ डाल्टनजवळ एक शिखर दिसते, पण ते नसणे म्हणजे प्रतिरोध नसणे नव्हे. जिवाणू आणि मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातील प्रतिजैविक एकत्र ठेवून काही तासांनी औषधाचीच शिखरे नाहीशी झाली का हे पाहिले, तर या गटातील औषधे मोडणाऱ्या कार्बापेनेमेज विकराची उपस्थिती कळते.

क्षयाच्या जिवाणूंची मेणचट भित्ती टूथपिक आणि थेंबाने फुटत नाही. त्यांना आधी सुरक्षित कक्षात निष्क्रिय करून, सूक्ष्म मण्यांसह जोरात हलवून, मग प्रथिने काढतात. त्यानंतरही क्षय समूहातील प्रजाती या वर्णपटावरून एकमेकांपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

महाराष्ट्रात या पद्धतीचा वापर रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या अंतर्गत असलेल्या सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात माती, पाणी आणि मानवी आतड्यांतून वेगळे केलेले जिवाणू मोठ्या संख्येने याच यंत्रावर चाळले जातात आणि ज्यांचा ठसा संग्रहाशी जुळत नाही त्यांचे १६एस रायबोसोमल आरएनए जनुक, म्हणजे जिवाणूची ओळख पटवणारे जनुक, वाचले जाते. अशा जिवाणूची ओळख पक्की झाली की त्याचा स्वतःचा संदर्भठसा बनवता येतो. त्यासाठी एकाच वाणाचे आठ ठिपके करून प्रत्येकाचे तीन, असे २४ वर्णपट घेतात, आणि त्यांतील किमान २० स्वच्छ व एकसारखे निघाले, तरच तो ठसा संग्रहात घालतात.