बुडबुडे थांबले, म्हणून किण्वन संपले असे नाही

घरी बिअर बनवू लागलेल्या माणसाच्या कपाटात बाटल्या फुटल्या, की दोष बहुधा काचेला दिला जातो किंवा बाटल्या भरताना घातलेल्या साखरेला. खरी चूक त्याआधीच झालेली असते. एअरलॉकमधले (भांड्याच्या झाकणावर बसवलेल्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाणी भरलेल्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, संपले, असे धरून बिअर बाटल्यांत भरलेली असते. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा, एवढाच सल्ला देणाऱ्या सूचना नवशिक्यांच्या हाती अजूनही पडतात आणि त्या मला सरळसरळ धोकादायक वाटतात. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे; हे लिखाण ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहून, तिथल्या नियमांत बसवून हा छंद करणाऱ्यांसाठी आहे. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना 1963 मध्येच रद्द केला आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली.)

यीस्ट माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि तो वायू एअरलॉकमधल्या पाण्यातून बाहेर पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. लक्षात घ्यायला हवे ते हे, की एअरलॉक फक्त भांड्याच्या आतल्या व बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. कुकरच्या शिट्ट्या वाफेच्या दाबाची खबर देतात, डाळ शिजली की नाही ते झाकण उघडल्यावरच कळते. इथेही तसेच आहे. प्लॅस्टिकच्या बादलीचे झाकण जरासे सैल असेल, तर किण्वन जोरात चालू असतानाही एकही बुडबुडा दिसत नाही. रात्री खोली गार झाली की भांड्यातला वायू आकसतो आणि बुडबुडे थांबतात. उलट, किण्वन संपल्यावर खोली तापली, तर बिअरमध्ये विरघळून राहिलेला वायू सुटू लागतो आणि काहीही आंबत नसताना एअरलॉक पुन्हा बोलू लागतो.

किण्वन संपले की नाही हे सांगते ती द्रवाची घनता; साखर संपत जाते तशी ती उतरते आणि ती हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या, आकडे लिहिलेल्या काचेच्या नळीने, मोजावी लागते. समजा, यीस्ट घालण्यापूर्वी वर्टची, म्हणजे माल्टपासून काढलेल्या, न आंबलेल्या गोड द्रवाची, घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.050 होती. एल प्रकारच्या बिअरसाठी वापरतात त्या साध्या यीस्टने ती 1.012 च्या आसपास यायला हवी आणि तेव्हा अल्कोहोल साधारण 5 टक्के होते. आता बुडबुडे थांबले म्हणून कोणी ती 1.016 वर असतानाच बाटल्या भरल्या, तर उरलेला 0.004 चा फरक दिसायला क्षुल्लक असतो. प्रत्यक्षात तो लिटरमागे सुमारे 8 ग्रॅम आंबण्याजोगी साखर शिल्लक असल्याचे सांगतो. फेसासाठी आपण मुद्दाम घालतो ती साखर लिटरमागे 6 ते 7 ग्रॅम असते. म्हणजे बाटलीत दुपटीहून अधिक साखर बंद झाली. घनता 1.020 असेल, तर साध्या बिअरच्या बाटलीने तो दाब सोसावा अशी अपेक्षाच करू नये.

म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजावी आणि आकडा तोच आला, तरच पुढे जावे. मात्र आकडा स्थिर असणे एवढेही पुरेसे नाही, आणि इथे बरेच अनुभवी लोकही घसरतात. यीस्ट जुने असेल किंवा थंडीने तळाशी बसले असेल, तर घनता 1.024 वर येऊन अडकते आणि आठवडाभर हलत नाही. ते अडलेले किण्वन असते. अशा वेळी भांडे थोड्या उबदार जागी न्यावे, हलकेच फिरवून यीस्ट पुन्हा तरंगते करावे आणि परत मोजावे. आकडा स्थिरही हवा आणि त्या यीस्टकडून अपेक्षित असलेल्या आकड्याजवळही हवा.

मोजताना नमुना आधी ढवळून त्यातला वायू घालवावा, कारण हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा वाढतो. रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) हट्ट धरणाऱ्यांनी ते उपकरण वर्टपुरतेच ठेवावे. अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचे वाचन दुरुस्तीच्या गणिताशिवाय चुकीचे असते. मोजलेला नमुना भांड्यात परत ओतू नये, चाखून पाहावा.

घाईने भरलेल्या बाटल्या आधीच कपाटात असतील, तर हातमोजे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून त्या उचलाव्यात, सरळ फ्रिजमध्ये ठेवाव्यात, कारण थंडीत यीस्ट मंदावते आणि वायू द्रवात विरघळून दाब उतरतो, आणि पूर्ण गार झाल्यावर एकेकीचे टोपण जाड टॉवेलखाली किंचित उचलून वायू सोडावा.