वाहतूक नियमभंग, कोल्हापुरातील

मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील नियमांच्या मर्यादा ओलांडून वाहन चालविणे किंवा उभे करणे, यास वाहतूक नियमभंग म्हणतात. प्रस्तुत नोंद कोल्हापूर शहर व लगतच्या परिसरातील नित्याच्या नियमभंगापुरती आहे. सिग्नल तोडणे, राँग साइडने येणे, ट्रिपल सीट, विनापरवाना वाहन चालविणे, रस्त्यातच गाडी लावून खरेदीला जाणे हे प्रकार वाचकांच्या परिचयाचे असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारविषयक पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये व दुसरा १९३९ मध्ये झाला. कोल्हापूर हे संस्थान असल्याने हे कायदे येथे आपोआप लागू होत नव्हते. त्या काळी येथे मोटारींची संख्या अल्प होती आणि त्यांचे नियमन दरबारच्या हुकमांनी होत असावे. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात बाहेर निघणारी मेबॅक मोटार ही त्या काळाची आजही दिसणारी खूण. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सध्याचा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आहे. त्याच वर्षीच्या रस्तानियमांची जागा २०१७ मध्ये नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली.

शहरातील बेशिस्तीच्या मुळाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार दोष शहराच्या बांधणीचा आहे. कोल्हापूर हे ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा व रावणेश्वर या सहा वस्त्यांतून वाढले, असे सामान्यतः मानले जाते. राजधानी पन्हाळ्याहून येथे आली ती सु. १७८२ मध्ये (काही ठिकाणी हे साल थोडे पुढे धरलेले दिसते). तटबंदीच्या आतले रस्ते माणसे, घोडे व बैलगाड्या यांच्यापुरते होते. तट गेला, वेशी गेल्या. गंगावेश, रंकाळावेश ही नावे आणि जुन्या रस्त्यांची रुंदी तेवढी उरली. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी अशा तीन वाटांच्या जागी चारी बाजूंनी दुचाकी घुसतात तेव्हा कोणाची बाजू कोणती, हे ठरविणे कठीण होते. महाद्वार रोड, गुजरी, ताराबाई रोड या भागांत नवरात्रात व सुट्यांत अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगावच्या गाड्यांची भर पडते.

हे मत आकर्षक असले, तरी ते अर्धेच पटते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी व त्यानंतरची राजारामपुरी या आखून वसविलेल्या पेठा आहेत. राजारामपुरीला तर क्रमांकाच्या सरळ गल्ल्या आणि रुंद मुख्य रस्ता आहे. तेथेही उलट दिशेची वाहतूक व दुहेरी पार्किंग जुन्या पेठांइतकेच दिसते. मग दोष केवळ अरुंद गल्लीचा कसा?

दुसरे मत रस्त्याची आजची रचना आणि कारवाईची पद्धत यांवर बोट ठेवते. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात शहरातील सुमारे ४९ किमी. रस्ते हाती घेण्यात आले. हा प्रकल्प बाहेर लक्षात राहिला तो टोलविरोधी आंदोलनामुळे, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द होण्याचा निर्णय झाल्यामुळे. रुंदीकरण झालेल्या अनेक रस्त्यांवर दुभाजक आले. त्यांच्यामुळे समोरासमोरची धडक टळते, पण समोरच्या दुकानात जायचे असेल तर पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळून यावे लागते. दुचाकीस्वार तेवढे अंतर उलट दिशेने, कडेकडेने कापतो. त्याला तो गुन्हा वाटत नाही, ‘इथंच तर जायचंय’ एवढेच त्याचे म्हणणे असते. दसरा चौक, ताराराणी चौक, शिवाजी चौक येथे चौकाच्या मध्यभागी पुतळे आहेत. अशा ठिकाणी वळसा घालायचा व आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला वाट द्यायची, असा संकेत आहे; पोलीस नसताना मात्र उजव्या अंगाने थेट वळण घेतले जाते. पोलीस दिसला की गाड्या पांढऱ्या पट्टीमागे थांबतात, हेल्मेट डिकीतून डोक्यावर येते. म्हणजे नियम ठाऊक आहेत. प्रस्तुत नोंदीत म्हणून दुसऱ्या मताला अधिक वजन दिले आहे.

उलट दिशेने वाहन चालविण्याचे कायद्यातील स्थान तुलनेने अलीकडे स्पष्ट झाले. पूर्वी हा प्रकार बहुधा वाहतूक चिन्हांचे पालन न करणे (कलम ११९) या सदरात येई आणि कलम १७७ खाली पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होई. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ ला स्पष्टीकरण जोडले गेले. लाल सिग्नल ओलांडणे, चालविताना हातात मोबाइल धरणे, नियमबाह्य ओव्हरटेक आणि वाहतुकीच्या अधिकृत दिशेविरुद्ध जाणे या गोष्टी त्यामुळे धोकादायक वाहनचालनात मोडू लागल्या. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राने वाढीव तडजोड शुल्क (खटल्याऐवजी भरावयाची रक्कम) लगेच लागू केले नाही. ते १ डिसेंबर २०२१ पासून आले. दरम्यान पावती फाडण्याऐवजी ई-चलान रूढ झाले. चलान मोबाइलवर येते, न भरता साचते आणि पुष्कळदा लोकअदालतीपर्यंत जाते. जागेवर खिशातून पैसे काढण्याची धास्ती त्यात राहत नाही, हे कारवाईचे समर्थकही नाकारणार नाहीत.

अल्पवयीनांचा प्रश्न असाच तांत्रिक आहे. कलम ४ प्रमाणे १६ वर्षांवरील मुलांना ५० सीसीपर्यंतची गिअर नसलेली दुचाकी परवाना काढून चालविता येते. लुनासारख्या मोपेड घरोघर होत्या तेव्हा या सवलतीला अर्थ होता. आज बाजारातील पेट्रोल स्कूटर साधारण १०० ते १२५ सीसीच्या असल्याने अकरावी-बारावीच्या क्लासला स्कूटरवरून जाणारी मुले जवळजवळ सर्वच नियमाबाहेर ठरतात. अपवाद २५० वॅटपर्यंतच्या व ताशी २५ किमी.हून कमी वेगाच्या विद्युत दुचाकींचा. इतर अटी पाळल्यास त्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, तसेच वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. तरीही चावी घरातूनच मिळते.

सायलेन्सरमधील फेरफार हा बुलेटस्वारांचा खास प्रकार. मूळ सायलेन्सरमधील पडदे व कक्ष निकास वायूच्या दाबलहरी मोडून आवाज कमी करतात. ते काढून टाकले की प्रत्येक स्फोट जवळजवळ थेट बाहेर येतो. ‘फटाके’ वाजविण्याची रीत निराळी. चालत्या गाडीचे प्रज्वलन क्षणभर बंद करून पुन्हा चालू करतात. मधल्या वेळी न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत जाऊन तेथे पेट घेते. यात सायलेन्सर व निकास वायू स्वच्छ करणारा उत्प्रेरक यांची हानी होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० सायलेन्सरविषयी, तर नियम ११९ हॉर्नविषयी आहे. बहुस्वरी हॉर्नला त्यात मनाई आहे.

हेल्मेटसक्तीला शहरात वेळोवेळी विरोध झाला. शहरातला वेग कमी असतो, हा त्यातील नेहमीचा युक्तिवाद. पुणे-बंगळूर महामार्ग शहराला लागूनच जातो, हे त्यात सोयीने विसरले जाते.

ग्रामीण भागात नियमभंगाचे स्वरूप बदलते. वडाप (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) जीपमध्ये आसनसंख्येपेक्षा अधिक माणसे बसतात. एसटीच्या फेऱ्या विरळ असलेल्या वाटांवर प्रवाशांचाही त्याला विरोध नसतो. गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. मागे परावर्तक लावणे बंधनकारक आहे. ते नसले किंवा लोंबत्या उसाने झाकले गेले, तर मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर.

नंबरप्लेटवरील आकड्यांना अक्षरांचे रूप देण्याची हौस (४१४१ चे ‘दादा’) राज्यभर आढळते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्याने त्यांच्यापुरती या हौसेला जागा उरलेली नाही. जुन्या वाहनांवर ही हौस अजून दिसते.