उड्डाणाच्या निर्णयातला जमिनीवरचा वाटेकरी : फ्लाइट डिस्पॅचरच्या परवान्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत वेळापत्रकानुसार चालणाऱ्या विमान कंपनीचे कोणतेही विमान दोन माणसांच्या संमतीशिवाय निघू शकत नाही. त्यांपैकी एक मुख्य वैमानिक असतो. दुसरा माणूस कंपनीच्या नियंत्रण कक्षात, अनेकदा विमानापासून शेकडो मैल दूर बसलेला असतो आणि त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. हवामान, इंधन, मार्ग, पर्यायी विमानतळ आणि विमानाचे वजन यांचा हिशेब मांडून तो उड्डाणाचा आराखडा तयार करतो. हे उड्डाण सुरक्षितपणे पार पडेल अशी दोघांचीही खात्री असेल तरच ‘डिस्पॅच रिलीज’वर, म्हणजे उड्डाणाच्या परवानगीपत्रावर त्यांनी सह्या कराव्यात, असा नियम आहे. वैमानिकाशी कायद्याने बरोबरीची ही जबाबदारी पेलण्याची परीक्षा आज एकविसाव्या वर्षी, म्हणजे महाविद्यालयात शिकत असतानाच देता येते. जमिनीवरच्या माणसासाठी स्वतंत्र परवाना का निर्माण झाला, हे समजून घ्यायचे तर हवाई टपालाच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

1918 साली अमेरिकेत नियमित हवाई टपाल सुरू झाले आणि लवकरच ते पूर्णपणे टपाल खात्याच्या ताब्यात गेले. सेवेचे प्रमुख ओटो प्रेगर यांचा आग्रह होता की हवा कशीही असो, टपाल ठरल्या वेळी निघालेच पाहिजे. जुलै 1919 मध्ये दाट धुक्यात उड्डाण करण्यास नकार दिल्याबद्दल दोन वैमानिकांना कामावरून काढण्यात आले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला. संप थोड्याच दिवसांत मिटला, परंतु त्याने उभा केलेला प्रश्न मिटला नाही. खराब हवेत विमान निघावे की नाही, हे कोणी ठरवायचे? दूरच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला त्या मैदानावरचे आभाळ दिसत नव्हते, आणि वैमानिकाला पुढच्या दोनशे मैलांवरची हवा कळत नव्हती. माझ्या मते या व्यवसायाची खरी सुरुवात याच पेचात आहे. पुढे टपालमार्गांवर रेडिओ केंद्रे उभी राहिली, हवामानाचे निरोप एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जाऊ लागले, आणि ते एकत्र करून वैमानिकाला सल्ला देणारा माणूस कंपन्यांना आवश्यक वाटू लागला. मात्र त्याने काय शिकलेले असावे आणि चूक झाल्यास तो कोणाला उत्तरदायी असेल, हे बराच काळ ज्या त्या कंपनीवर सोडलेले होते.

ही ढिलाई किती महाग पडू शकते, हे 6 मे 1935 च्या पहाटे दिसले. लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे एक डीसी-2 विमान मिसूरी राज्यातील अटलांटा या गावाजवळ कोसळले. मृतांमध्ये न्यू मेक्सिकोचे सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते. विमान कॅन्सस सिटीला उतरणार होते, पण तिथला ढगांचा थर उतरण्याच्या किमान मर्यादेखाली येत चालला होता. विमानाच्या रेडिओत बिघाड होता आणि इंधन संपत आले होते. सरकारी चौकशीने इतर कारणांबरोबरच कॅन्सस सिटीच्या जमिनीवरील कर्मचाऱ्यांवरही ठपका ठेवला, कारण तिथली हवा बिघडत असल्याचे दिसत असताना त्यांनी विमानाला चांगल्या हवेच्या मैदानाकडे वेळीच वळवले नव्हते. अपघाताचे कारण कॉकपिटबाहेरही घडू शकते, ही गोष्ट इथे अधिकृतपणे नोंदली गेली आणि म्हणून या प्रकरणाचे महत्त्व एका अपघातापुरते राहत नाही. सिनेटर रॉयल कोपलँड यांच्या समितीने पुढे हवाई सुरक्षेच्या साऱ्या व्यवस्थेची, सरकारी खात्याच्या कारभारासह, झडती घेतली.

या घडामोडींनंतर आलेल्या 1938 च्या नागरी हवाई कायद्याने ‘एअरमन’ या वर्गात वैमानिक आणि यंत्रज्ञ यांच्याबरोबर विमान डिस्पॅचरचाही समावेश केला. या वर्गाला सरकारी प्रमाणपत्र लागत असल्यामुळे डिस्पॅचरलाही ते बंधनकारक झाले. 1958 च्या कायद्याने आजच्या एफएए या नियामक संस्थेचा पाया घातला, तेव्हाही ही व्याख्या टिकली. उड्डाण सुरक्षितपणे पुरे होणार नाही असे वैमानिक किंवा डिस्पॅचर यांच्यापैकी एकाला जरी वाटले, तरी विमान ठरलेल्या उतरण्याच्या ठिकाणाकडे पुढे नेऊ नये, असे आजचा नियम सांगतो. त्याहून सुरक्षित मार्ग उरलेला नाही असे वैमानिकाचे मत असेल तेवढाच अपवाद. 1919 च्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर मला फार विचारपूर्वक दिलेले वाटते, कारण त्यात कोणा एकाच्या हातात सारा निर्णय ठेवलेला नाही. चार्टर, म्हणजे वेळापत्रकाबाहेर भाड्याने ठरवलेल्या उड्डाणांत मात्र वैमानिकाबरोबरची ही जबाबदारी डिस्पॅचरवर नसते.

शिक्षणाची आजची चौकट याच जबाबदारीच्या मापाने आखलेली आहे. वैमानिक, हवामानतज्ज्ञ, हवाई वाहतूक नियंत्रक किंवा सहायक डिस्पॅचर म्हणून नियमांत सांगितलेला अनुभव नसेल, तर एफएए-मान्य अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि तो किमान 200 तासांचा असतो. स्वतंत्र प्रशिक्षण संस्था तो काही आठवड्यांत संपवतात, तर एम्ब्री-रिडलसारख्या विमानविद्येच्या विद्यापीठात तो पदवीच्या विषयांत गुंफून अनेक सत्रांत शिकता येतो. वातावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही दुसरी वाट विशेष उपयोगी आहे, कारण बर्फ साचणे, वादळे आणि वाऱ्यांचे झोत हे विषय तो घाई न करता शिकतो आणि त्यांचा इंधनाच्या हिशेबावर होणारा परिणाम स्वतः मांडून पाहतो. लेखी परीक्षेत 80 प्रश्न असतात, वेळ तीन तासांचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात. त्यानंतरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत उमेदवाराला प्रत्यक्ष हवामानावर आधारित उड्डाणाचा आराखडा करावा लागतो आणि परीक्षकाच्या प्रश्नांपुढे आपल्या प्रत्येक निर्णयाचे समर्थन करावे लागते.

प्रमाणपत्र हाती येण्याचे वय मात्र 23 आहे. त्यामुळे बाविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याला परीक्षा उत्तीर्ण होऊनही थांबावे लागते, आणि हा काळ तो परवानाधारक डिस्पॅचरच्या देखरेखीखाली सहायक म्हणून काम करून सार्थकी लावू शकतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनी किमान वय 21 धरले आहे आणि परवाना द्यायचा की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवले आहे. युरोपीय संघाच्या सामाईक नियमांत असा परवाना नाही. भारतात डिस्पॅचरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार मान्यता घ्यावी लागते. म्हणून अमेरिकेत हा अभ्यासक्रम करू पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याने शुल्क भरण्यापूर्वीच आपल्याला नोकरी कोणत्या देशात करायची आहे, हे ठरवलेले बरे.